मालगुजाराची तीट

मीराला मुलगी झाली ते एकोणीसशे शहाऐंशी साल. जानेवारी महिना, जर्सीतल्या पार्सिपनीत गुडघाभर बर्फ, आणि सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून रमाबाई आधीच नागपूरहून येऊन दाखल झालेल्या. सोबत त्यांचे मालक धर्मराज होते. पण बाळंतिणीच्या घरात म्हाताऱ्या पुरुषाची जागा कोपऱ्यातल्या छत्रीसारखी. असली तर असली.

रमाबाईंनी ट्रंकेत डिंक, अळीव, खारकांसोबत एक तांब्याचं ताट, एरंडेलाची बाटली आणि काजळाची पितळी डबी आणली होती. नात दवाखान्यातून घरी आली तशी त्यांनी दुपारची वेळ साधून स्वयंपाकघरात दिवा लावला, त्यावर ताट पालथं धरलं आणि काजळ धरायला बसल्या. काजळ धरायचं म्हणजे वात जळू द्यायची आणि आपण गप्प बसायचं. त्या गप्प बसल्या. छत मात्र गप्प बसलं नाही. वरून असा काही कर्कश आवाज सुटला की रमाबाईंना वाटलं, घरच ओरडतंय. शेजारचा सॅल आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आला. सॅल म्हणजे प्लंबर, साठीला आलेला, आईबाप इटलीतून आलेले, कुणाचंही दार न वाजवता घरात शिरणारा. त्याने पाहिलं तर लुगडं नेसलेली एक बाई हात वर करकरून छताला दटावते आहे आणि तिच्यापुढे बोटभर दिवा. त्याने नळकांडं खाली ठेवलं, खुर्चीवर चढून धूर लागला की ओरडणारी ती छतावरची डबी उतरवली आणि मग तोही दिव्यासमोर बसला. तेव्हापासून त्या दोन घरांचा घरोबा.

नातीचं नाव सुजाता ठेवलं. पहिल्याच तपासणीला डॉक्टरीणबाईंनी सुजाताच्या गालावरची तीट आणि डोळ्यांतलं काजळ ओल्या कापसाने पुसून काढलं आणि पुन्हा लावायचं नाही म्हणून सांगितलं. मीराच्या नवऱ्याला, ईश्वरला, तेवढंच हवं होतं. तो टेलिफोन कंपनीत इंजिनिअर, कुठल्याही गोष्टीचं कारण विचारणारा. दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याखाली बसून तो आईला म्हणाला,

“आई, नजरबिजर आपण छप्पन साली सोडली ना?”

“नजर सोडली रे,” रमाबाई म्हणाल्या. “काजळ कोठं सोडलं?”

पण डॉक्टरच्या शब्दापुढे त्यांचं काही चाललं नाही. डबी काठोकाठ भरलेली आणि लावायला घरात एक गाल नाही, अशी त्यांची गत झाली. डबी खिडकीत पडून राहिली. पुढचं सगळं निघालं ते त्या डबीतूनच.

धर्मराजांनी सारी नोकरी रेल्वेच्या रंगखात्यात काढली होती. स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर काळी अक्षरं काढायची, हे काम. कामठी, तुमसर, गोंदिया, डोंगरगड. त्यांची अक्षरं वाचून किती माणसं गाडीतून उतरली असतील त्याला गणती नाही, पण पाटी कुणी रंगवली हे लिहायला पाटीवर जागा नसते. बाजारातला दुकानांचे बोर्ड रंगवणारा पोरगासुद्धा कोपऱ्यात आपलं नाव टाकतो. रेल्वेत तसं केलं तर मेमो मिळतो. तरुणपणी एकदा त्यांनी तुमसरच्या पाटीच्या मागच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही असं, आपलं नाव काढलं होतं. साहेबाला ते दिसलं. त्याने ते त्यांच्याच हातून खरवडून घेतलं. ही गोष्ट धर्मराजांनी रमाबाईंना लग्न झाल्या झाल्या सांगितली, आणि मग दर वर्षी सांगितली. निवृत्तीच्या समारंभात दुसऱ्या एका साहेबाने हार घालता घालता हसत म्हटलं होतं की मेश्राम, तुमचा हात आता हलायला लागला. ही गोष्ट मात्र त्यांनी एकदाच सांगितली.

बर्फ वितळल्यावर त्यांनी घरासमोरच्या टपालपेटीवर मेश्राम हे नाव इंग्रजीत काढलं, पिवळ्या रंगावर काळ्या एनॅमलने, स्टेशनच्या पाटीच्या ऐटीत. रमाबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तेवढं नाव त्या ओळखायला शिकल्या, फिरून येताना घर चुकू नये म्हणून. सॅलने ते पाहिलं आणि आपली पेटी खांबासकट उपटून आणली. होता होता गल्लीतल्या सगळ्या पेट्या पिवळ्या झाल्या. ईश्वर म्हणायचा, कामावरून घरी येताना आता मला पॅसेंजर गाडीत बसल्यासारखं वाटतं.

घराच्या मागे अंगण आणि अंगणाला लागून रान. उरलेला भात टाकून द्यायचा रमाबाईंच्या जिवावर येई, म्हणून त्या तो मागच्या गवतावर पाखरांसाठी ठेवत. मार्चमध्ये एका सकाळी तो खायला रानटी टर्की आले. चार माद्या आणि एक नर. माद्या बिचाऱ्या साध्या, मातकट, खाली मान घालून टिपणाऱ्या. नराचा थाट वेगळा. त्याने शेपटीचा पंखा उभारला, पंख जमिनीला घासत आणले, छाती एवढी फुगवली की पाय दिसेनात. डोक्यावर एक केस नाही, टाळू पांढरी, तोंड निळं, मान लालभडक. चोचीवरून मांसाचा एक तुकडा सोंडेसारखा लोंबत होता आणि दाढी होती ती छातीवर. भात खायला आलेला असून भाताकडे न बघता तो अंगणभर चालत राहिला, जणू मोजणी करायला आला आहे.

“अगं, हा तं आपला मालगुजार,” धर्मराज खिडकीतून म्हणाले.

रमाबाईंना हसू आवरेना. गावचा सारा वसूल करणारा मालगुजार सकाळी असाच निघायचा, धोतराचा सोगा हातात, फेटा बांधून, पोट पुढे. तो आला की धर्मराजांच्या बापाला रस्ता सोडून बांधावर उभं राहावं लागे. आता तो मालगुजार मेश्रामांच्या मागच्या दाराशी शिळ्या भातावर येऊन उभा होता. धर्मराजांना ही गोष्ट इतकी गोड लागली की ते रोज मुद्दाम दोन घास कमी जेवायला लागले. सकाळ झाली की रमाबाई हाक मारत, “मालगुजार आला जी. वाढा.”

सॅलने सांगितलं की हे पक्षी जर्सीतून पार संपले होते. मग सरकारने दुसऱ्या राज्यांतून आणून इथल्या रानात सोडले. ईश्वरने ते मराठीत सांगितल्यावर धर्मराज म्हणाले, म्हणजे आपल्यावाणीच, व्हिसावर आलेले. सॅल तिथल्या डोंगराकडच्या शिकारी मंडळींच्या एका क्लबचा सेक्रेटरी होता. हा क्लब दर वर्षी टर्कीचा एक स्टॅम्प छापायचा. टपालाचा नव्हे. क्लबच्या मेंबरांनी तो विकत घ्यायचा, शिकारीच्या परवान्यावर चिकटवायचा आणि जमलेला पैसा रान राखायला, पक्षी वाढवायला जायचा. मारणारेच जपतात, हे रमाबाईंना पहिल्यांदा कळलं नाही. मग त्यांना गावातला बोकड आठवला, त्याच्याही गळ्यात आधी हार घालत, आणि कळलं. स्टॅम्पवरचं चित्र दर वर्षी स्पर्धा घेऊन निवडत. टपालपेट्या बघून सॅलच्या मनात आलं होतं की या म्हाताऱ्यानेही एक चित्र द्यावं.

धर्मराजांनी या सगळ्यातलं एकच ऐकलं. स्टॅम्पवर चित्राखाली चित्रकाराचं नाव छापतात. त्यांनी ईश्वरला सॅलला पुन्हा विचारायला लावलं. हो, छापतात. सगळ्या स्टॅम्पांवर? सगळ्या.

सॅलने नियम सांगितले. चित्र शाळेच्या पाटीएवढंच हवं. समोरच्या बाजूला नाव, सही, कसलीही खूण नको, परीक्षकांना चित्र कुणाचं ते कळता कामा नये. आणि सगळं काम त्या एकाच माणसाच्या हातचं हवं, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालणार नाही.

आयुष्यभर चालत्या गाडीतून वाचता येईल एवढं मोठं काढलेल्या माणसाला पोराच्या पाटीएवढं काढायचं म्हणजे शिक्षाच. पहिला मालगुजार कागदात मावला नाही, शेपटी बाहेर राहिली. दुसरा मावला, पण तो रंगखात्यातल्या फोरमनसारखा दिसायला लागला. तिसऱ्या वेळी धर्मराज खिडकीत खुर्ची टाकून बसले ते उठेनात. रमाबाई चहा आणून ठेवायच्या आणि थंड झालेला परत न्यायच्या. पक्षी उभा राहावा म्हणून त्या बाहेर भाताची मूठ अशी बेताबेताने टाकत की मालगुजार पुढेही जायचा नाही आणि मागेही. चित्र झालं तेव्हा मीरा बाळाला घेऊन बघायला आली आणि सुजाता त्याच्याकडे बघून रडली, इतका तो खरा होता. शेपटीतलं डावीकडचं एक पीस त्याचं खरोखर वाकडं होतं. ते वाकडं पीससुद्धा चित्रात होतं.

इथवर सगळं ठीक होतं. मग गिरीश आणि पद्मजा बाळ बघायला आले.

हे दोघे जवळच राहणारे, पुण्याकडचे, दोघेही कॉम्प्युटरमधले. पद्मजा मनाने फार चांगली बाई. पण तिने एखाद्या वस्तूची तारीफ केली की ती वस्तू टिकत नसे. तिने मीराच्या मिक्सरला छान म्हटलं आणि त्याच संध्याकाळी तो जळाला. ईश्वरच्या नव्या गाडीला मस्त म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सिग्नलला मागून एकाने ती ठोकली. कढीपत्त्याच्या कुंडीबद्दल तर बोलायलाच नको. ईश्वर म्हणायचा हा योगायोग आहे. पण पद्मजा येणार असली की तो गाडी पुढच्या गल्लीत लावून यायचा.

पद्मजाने बाळाकडे बघितलं, बाळाबद्दल ती काही बोलायच्या आत रमाबाईंनी घाईघाईने चहा पुढे केला, आणि चहा घेता घेता तिची नजर टेबलावरच्या चित्राकडे गेली.

“काका, किती सुपर्ब काढलाय हो,” ती म्हणाली. “अगदी जिवंत. आणि मी सांगते ना, हाच जिंकणार. शुअर.”

रमाबाईंनी बोटांवर मोजलं. तीन वेळा, एका दमात, आणि वर शुअर.

दुसऱ्या दिवशी सॅल चित्र न्यायला येणार होता. दुपारी मीरा आणि बाळ झोपली होती, धर्मराज खुर्चीत पेंगत होते. रमाबाईंनी खिडकीतली डबी उघडली. करंगळीचं टोक काजळात बुडवलं आणि मालगुजाराच्या उजव्या डोळ्याखाली, निळ्या कातडीवर, मोहरीएवढी तीट लावली. लांब होऊन बघितली. शोभत होती. ज्या माणसाच्या वाड्यासमोरून त्यांची सासू पदर सावरत, खाली बघत गेली असेल, त्याला आपण तीट लावतो आहोत हेही त्यांच्या मनात आलं. पण चित्र तर आपल्या माणसाचं होतं.

एप्रिल अर्धा झाला तेव्हा सॅल आला. त्याने दार वाजवलं. सॅल दार वाजवतो आहे म्हटल्यावर काही तरी बिनसलं आहे हे रमाबाईंनी ओळखलं. ईश्वर घरी होता, त्याने सॅलचं बोलणं मराठीत सांगितलं. तिन्ही परीक्षकांना सगळ्यात आवडलं ते हेच चित्र. पण त्या पक्ष्याच्या तोंडावर एक काळा ठिपका आहे. डॉक्टर पेग म्हणून एक बाई आहेत, रानपाखरांचा अभ्यास केलेल्या. त्या म्हणतात ही गोचीड आहे, गोचीड टर्कीच्या तोंडाला चिकटते, आणि ज्याने ती काढली त्याने पक्षी जवळून पाहिला आहे. क्लबचा प्रेसिडेंट म्हणतो हा देवीसारखा फोड आहे, आजारी पक्षी स्टॅम्पवर छापला तर लोक हसतील. आणि स्टॅम्प ज्याच्या प्रेसमध्ये छापतात तो म्हणतो ही चित्रकाराची गुप्त खूण आहे, नियमाप्रमाणे चित्र बाद.

सगळे धर्मराजांकडे बघायला लागले. रमाबाईही बघायला लागल्या. धर्मराजांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला, बोटं थरथरतात का ते. रमाबाईंना त्या साहेबाचा हार आठवला. मग धर्मराजांची हनुवटी वर आली.

“ठिपका होता,” ते म्हणाले. “मी पाह्यलं तेच काढलं.”

सॅल खूश झाला. असं असेल तर प्रश्नच मिटला, तो म्हणाला. पक्षी तुमच्या अंगणात रोज येतो ना? निवड झालीच आहे, आता नाव कळायला हरकत नाही. रविवारी सकाळी तिघांना घेऊन येतो. ठिपका दिसला की चित्र पहिलं.

त्या रात्री रमाबाईंना भात गोड लागला नाही. खरं सांगावं, तर दुसरा हात लागला म्हणून चित्र बाद. न सांगावं, तर रविवारी मालगुजार कोऱ्या तोंडाने येणार, धर्मराज खोटे पडणार आणि चित्र तरीही बाद. राहता राहिला एकच रस्ता. मालगुजाराच्या तोंडावर तीट हवी.

सकाळी त्या करंगळीला काजळ लावून आणि डाव्या हातात भाताची थाळी घेऊन अंगणात गेल्या. माद्या बाजूला झाल्या. मालगुजार झाला नाही. त्याने छाती फुगवली, गळ्यातून घळघळ आवाज काढला आणि तो रमाबाईंवर चालून आला. वसंतात या नरांना सगळं जग आपल्या वाटेत आल्यासारखं वाटतं. रमाबाई थाळी टाकून पळाल्या आणि सुजाताच्या बाबागाडीमागे लपल्या. बाबागाडी रिकामी होती हे बरं. तीट त्यांच्याच नाकाला लागली होती.

दुसऱ्या वेळी त्यांनी झाडूच्या दांड्याला कापूस गुंडाळला, तो काजळात बुडवला आणि दार किलकिलं करून दांडा बाहेर काढला. मालगुजाराने दांडा शत्रू समजून असा काही धरला की तो ओढता ओढता त्या पायरीवर आल्या. मागून कुणी तरी विचारलं,

“आई, काय करताय?”

मीरा होती. बाळाला खांद्यावर टाकून उभी. रमाबाईंनी दांडा सोडला आणि पायरीवर बसून सगळं सांगून टाकलं. मीरा औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होती, सुट्टीवर होती आणि घरात बसून कंटाळली होती. तिला रागवायला हवं होतं. तिने विचारलं, काजळ किती उरलंय?

झाडूच्या कापसाने बरंचसं पिऊन घेतलं होतं, थोडंच उरलं होतं. मीराने आधी छतावरची धुराची डबी काढून उशीखाली ठेवली, मग दोघींनी मिळून नवं काजळ धरलं. आइस्क्रीमचा मोठा डबा घेतला, झाकणाला टर्कीचं डोकं जाईल एवढं भोक पाडलं, आत भात भरला. मीराचा हिशोब असा की पक्षी भातासाठी डोकं आत घालणार, भोकाच्या कडेला एकाच जागी काजळ असलं की ते उजव्या गालाला लागणार. रविवारी पहाटे बाप-लेक उठायच्या आत दोघींनी तो डबा विटांमध्ये घट्ट बसवून अंगणात ठेवला. रमाबाईंनी काजळ जरा हात सोडूनच लावलं. थोडक्यात हुकायला नको.

सॅलने सगळ्यांना आणलं. डॉक्टर पेग उंच, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात दुर्बीण. प्रेसिडेंट दारातून जेमतेम आत आला एवढा रुंद. प्रेसवाला बारीक, चित्र काखेत धरून. त्यांना चहा दिला. धर्मराज इस्त्रीचा सदरा घालून खिडकीजवळ ताठ उभे होते. ईश्वर मध्ये उभा राहून इकडचं तिकडे करत होता. मग रानाच्या कडेला गवत हललं आणि मालगुजाराची मंडळी अंगणात आली. मीराने आणि रमाबाईंनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

डबा नवा होता म्हणून की काय, त्या दिवशी आधी माद्याच धावल्या. एकीने डोकं घातलं, ते आतच फिरवलं आणि बाहेर काढलं. मग दुसरीने. मग तिसरीने. चौथीला घाई होती, तिने सगळी मान आत घातली. शेवटी मालगुजार आला, त्याने सगळ्यांना हाकललं आणि आपलं डोकं घातलं ते डबा रिकामा होईपर्यंत काढलं नाही. काढलं तेव्हा त्याची पांढरी टाळू, निळं तोंड आणि लाल मान यांतलं काहीच उरलं नव्हतं. कोळशाच्या इंजिनातून उतरलेल्या माणसासारखा तो दिसत होता. पाचही पक्षी काळ्या तोंडांनी अंगणात उभे राहून खिडकीकडे बघायला लागले.

डॉक्टर पेग यांनी दुर्बीण लावली. बराच वेळ त्यांनी ती काढली नाही. काढली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्या हळू आवाजात ईश्वरशी बोलल्या. ईश्वरने आईबापांकडे वळून सांगितलं की ही काही तरी साथ आहे. असं त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. चित्र काढलं तेव्हा सुरुवात असणार, आता सगळ्या कळपाला लागली. साथ रानभर पसरायच्या आत हे पाचही पक्षी धरावे लागतील, आणि तपासायचं म्हणजे मारूनच तपासावं लागेल.

धर्मराज मटकन खुर्चीत बसले. “मी पाह्यलं होतं,” ते म्हणाले, आणि या वेळी ते खरंच तसं मानून बोलत होते. “तवाच सांगाले पाह्यजे होतं.”

हे ऐकल्यावर रमाबाईंना राहवेना. त्या खिडकीपाशी गेल्या, डबी घेतली, झाकण उघडलं आणि करंगळी बुडवून डॉक्टर पेग यांच्यासमोर उभ्या राहिल्या. पेग यांना काही कळायच्या आत त्यांच्या हनुवटीजवळ एक तीट लागली.

“मीच लावलं ते,” रमाबाई म्हणाल्या. “पाखराइलेबी, अन् चित्रालेबी.”

ईश्वरने आईकडे पाहिलं, तसबिरीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग मीराने बाळाला त्याच्या हातात दिलं आणि इंग्रजीत सगळं सांगितलं, मिक्सरपासून आइस्क्रीमच्या डब्यापर्यंत.

सगळ्यात आधी हसला सॅल. त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं आणि गळ्यातल्या साखळीचं एक इवलंसं सोन्याचं शिंग बाहेर काढून रमाबाईंना दाखवलं. त्याच्या आजीने घातलं होतं, नजर लागू नये म्हणून. डॉक्टर पेग यांनी बोटाने आपल्या हनुवटीवरचं काजळ पुसलं, वास घेतला, आणि मग त्याही हसल्या. प्रेसिडेंटच्या हसण्याने कपबश्या हलल्या. प्रेसवाला तेवढा हसला नाही. त्याने चित्र टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की पक्षी वाचले हे छान झालं, पण नियम तो नियम. दुसऱ्या माणसाचा हात लागला. चित्र बाद.

ईश्वरने ते खाली मान घालून मराठीत सांगितलं. रमाबाईंनी धर्मराजांकडे बघायचं धाडस केलं. त्यांना वाटलं, आता हा माणूस आयुष्यभर बोलणार नाही. धर्मराज आपला उजवा हात उलटासुलटा करून बघत होते.

“म्हंजे माझा हात हलला नोता,” ते म्हणाले.

“नाही जी.”

“मंग आधी काहून नाई सांगितलं? मी चार दिवस लेखणी धरून पाहून राह्यलो.”

डॉक्टर पेग दरम्यान चित्रावर वाकल्या होत्या. त्यांनी प्रेसवाल्याला विचारलं की चित्रावर धूळ बसली तर ती पुसायला नियमात बंदी आहे का? प्रेसवाल्याने विचार केला. धुळीला बंदी नव्हती. मग हे काजळ म्हणजे काय, त्या म्हणाल्या, दिव्याची धूळच. पुसून खाली त्याचंच काम जसंच्या तसं निघालं, तर ते त्याचंच काम. प्रेसवाल्याने आणखी विचार केला आणि अट घातली: पुसायचं ते जिने लावलं तिनेच, आणि आपल्यासमोर.

मीराने खोबरेल तेलाची बाटली आणली. रमाबाईंनी पदराचं टोक तेलात बुडवलं आणि हात तिथेच थांबला. लावलेली तीट त्यांनी जन्मात स्वतःच्या हाताने पुसली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पुसली ती गोष्ट वेगळी. आणि पद्मजाचा तो शुअर अजून त्यांच्या कानात होता.

धर्मराज उठून जवळ आले.

“पुसून टाक,” ते हळूच म्हणाले. “लागली नजर तं लागू दे. नाव तं येईल.”

रमाबाईंनी पुसली. चित्राचं एनॅमलही रेल्वेच्या पाटीचंच, उन्हापावसात टिकणारं. खालून निळी कातडी जशीच्या तशी, चकचकीत निघाली. प्रेसवाल्याने भिंग लावून पाहिली आणि मान डोलावली.

स्टॅम्प पुढच्या मोसमासाठी छापायचा होता. तो त्याच वर्षी पानगळीत छापून आला. रमाबाईंनी सुजाताच्या बाबाचं भिंग घेऊन पाहिलं. मालगुजार अंगठ्याच्या नखाएवढा झाला होता, पण ऐट तेवढीच होती, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत टपालपेटीवरचंच नाव होतं. ते त्यांना वाचता आलं. धर्मराजांनी पुष्कळ दिवस तो स्टॅम्प खिशात ठेवला, वाटेत भेटेल त्याला दाखवला, प्रेसवाल्यालाही एकदा दाखवला. डिसेंबरात दोघं नागपूरला गेली तेव्हा ते एकटेच पॅसेंजरने तुमसरला जाऊन आले. पाटी नव्याने रंगवलेली होती, दुसऱ्या कुणाच्या हातची, र जरा बुटका. त्यांनी मागच्या अंगाला जाऊन इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातला स्टॅम्प तिथे डिंकाने चिकटवला.

दोघं मार्चमध्ये पार्सिपनीला परत आली. एप्रिलमध्ये शिकारीचा मोसम सुरू झाला आणि त्या दिवशी दुपारी सॅलने दार वाजवलं. टोपी हातात होती. तो काही बोलला नाही, त्याने पिशवीतून टर्कीच्या शेपटीचा पंखा काढून टेबलावर ठेवला. डावीकडचं एक पीस वाकडं होतं. डोंगरावर, झाडीत, गोळी घालताना त्याला पक्षी ओळखू आला नव्हता. जवळ जाऊन उचलला तेव्हा पीस दिसलं, आणि मग त्याने खिशातला परवाना काढून त्यावरचा स्टॅम्प पाहिला. हे सांगताना सॅलच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रमाबाईंनीच त्याला चहा करून दिला.

ईश्वरने आईला समजावलं की मोसमात नर मारला जातो, यात नजरेचा काही संबंध नाही. रमाबाई हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून ईश्वर कामावर गेला की त्या डबी काढत आणि धर्मराजांच्या डाव्या कानामागे, कुणाला दिसणार नाही अशी, एक तीट लावत. ते पेपर वाचता वाचता डोकं थोडं वाकवत, एवढंच.

मालगुजार सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये गेला. धर्मराज मेश्राम एकोणनव्वदच्या मार्चमध्ये, पार्सिपनीच्या घरी, सकाळी गेले.